शंभर गुणांची फाईल

१

कारंजा (घाडगे) सोडून नागपूरच्या बाजूला लागलं, की ढाब्यांची रांग संपता संपता हायवेला लागूनच भोयर ट्रस्टचं रुग्णालय आहे. साठ खाटांचं. तिथल्या फायली तपासून त्यांना शंभरपैकी गुण द्यायला नोंदींची तपासनीस यामिनी वर्षातून दोनदा वर्ध्याहून यायची. सहा वर्षांत तिने तिथल्या एकाही फाईलला ऐंशीच्या वर गुण दिले नव्हते. कुठे डॉक्टरची सही नसे, कुठे वेळ नसे, कुठे एकाचा रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या कागदांना टाचलेला असे. एकदा तर सत्तर वर्षांच्या एका आजोबांच्या फायलीत त्यांची शेवटची पाळी कधी आली, तेसुद्धा लिहिलेलं सापडलं होतं.

म्हणून त्या दिवशी हातातल्या फायलीला शंभर गुण पडले, तेव्हा तिने ती पुन्हा पहिल्यापासून तपासली. पुन्हा शंभरच.

फाईल अंकिता ढोले या बाईची होती. वय चोवीस, राहणार रोहणा. महिन्यापूर्वी इथे बाळंत झाली. मुलगी जगली. आईला रक्तस्राव सुरू झाला तो थांबला नाही आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला ती गेली. तिच्या मृत्यूची चौकशी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला होती आणि समितीवर यामिनी होती.

फाईल नऊ पानांची. एक पन्नासला बाळंतपण. अडीचला रक्त जास्त जात असल्याची नोंद. दोन चाळीसला डॉ. सुमीत झाडे यांना फोन. तीन पाचला दुसरा. तीन चाळीसला तिसरा. डॉक्टर आले चार पन्नासला. रक्ताची मागणी चार पंचावन्नला. मधल्या प्रत्येक दहा मिनिटांची नाडी, प्रत्येक पंधरा मिनिटांचा रक्तदाब. प्रत्येक ओळीसमोर ड्युटीवरच्या सिस्टर काजल राऊत यांची सही.

"झालं की मग," ट्रस्टचे सचिव हरिभाऊ भोयर समोरच्या खुर्चीवर घाम पुसत म्हणाले. "डॉक्टर दोन तास आलाच नाही, हे सरळ लिहिलेलं आहे. आपल्याले दुसरं काय पायजे?"

यामिनीने नाडीच्या नोंदींवरून पुन्हा बोट फिरवलं. ज्या वॉर्डात साधा ताप लिहायचा राहून जातो, तिथे डोळ्यांसमोर बाई मरत असताना एकटी नर्स दर दहा मिनिटांनी शांतपणे नाडी लिहीत बसली होती?

"हरिभाऊ," ती म्हणाली, "ही फाईल त्या दिवशी लिहिलेलीच नाही."

२

काजल राऊत पंचवीसेक वर्षांची होती, वडनेरची. नोकरीला दीड वर्ष झालेलं. ती आली ती भिंतीला धरून उभी राहिली. यामिनीने तिला बसवलं आणि फाईल पुढे केली.

"तुझं अक्षर आहे?"

काजलने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं आणि डोळे भरून आले.

"नाई मॅडम. अक्षर माह्यासारखं आहे, पण माहं नाई. सही बी माही नाई."

"मग तू काय लिहिलं होतंस?"

"काईच नाई. एका हातानं तिचं पोट दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातानं फोन लावून राह्यली होती. लिहू कधी? टाइम विसरू नये म्हून हातमोज्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्यावर आकडे टाकले. मंग झाडे सर आले. सारं झाल्यावर म्हणाले, फाईल मी लिहितो, तू हात नोको लावू."

"तो पुठ्ठा कुठे आहे?"

काजल खाली पाहत राहिली. "हरवला."

ती खोटं बोलतेय हे यामिनीला लगेच कळलं. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस असंच एका शब्दात बोलतं. पण तिने तेव्हा ताणलं नाही. तिने फाईल मिटली. काजल उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, हे मी लिहिलं नाई. पण याच्यातला एकबी टाइम खोटा नाई. त्या दिवशी हेच झालं. मिनिटामिनिटाले हेच झालं."

३

डॉ. सुमीत झाडे चाळिशीचे, गोरे, बोलायला मऊ. कारंज्यात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता आणि अंकिता गेली त्या दुपारी ते तिथेच होते, असं सगळं रुग्णालय दबक्या आवाजात सांगायचं. कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं.

त्यांनी फाईल आधी घाईघाईने चाळली. मग सावकाश. आणि मग, यामिनी चेहऱ्याकडे पाहत असतानाच, ते हसले.

"मॅडम, ही माझी फाईल नाही. माझी नोंद दोन पानांची होती. ही कोणीतरी बनवली आहे."

"कोणी?"

"सही कोणाची आहे? काजल सिस्टरची. स्वतःचा हलगर्जीपणा झाकायला पोरीने माझी फाईल गायब केली आणि ही घुसवली. उद्या समितीपुढे मी एवढंच सांगणार. अक्षर तपासायला पाठवा म्हणणार." ते उठले. "फाईल खोटी ठरली की तिच्यातला आरोपही खोटा. आणि बनावट कागद करणं गुन्हा आहे, बरं का. पोरीला समजावून ठेवा."

ते गेल्यावर यामिनी बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत बसली. तिच्या मनात राग दाटला होता, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. झाडे बोलत होते ते कायद्याने बरोबर होतं.

यामिनी बाहेर आली तेव्हा अंकिताचा नवरा मुकेश पोर्चमध्ये बसून होता. रोहण्याहून रोज यायचा. तान्ही मुलगी घरी त्याच्या आईजवळ, शोभाबाईंजवळ असायची, आणि हा इथे, डॉक्टरांच्या गाडीवर नजर लावून.

"मी काई करत नाई मॅडम, बसून राह्यतो फक्त," तो म्हणाला. "त्यानं रोज मले पाह्यलं पायजे. गाडीत बसताना पाह्यलं पायजे, उतरताना पाह्यलं पायजे."

"तू फायलीची नक्कल मागितली होतीस?"

"मागतली ना. अंकिता गेली त्याच्या आठव्या दिवशी रेकॉर्ड रूममधी गेलतो. वासुदेवराव काका चांगले बोलले. म्हणे, बाबू, एवढ्यात नोको मागू. फाईल अजून तयार नाई झाली."

"तयार नाही झाली?"

"असंच म्हणाले."

यामिनी जागच्या जागी थांबली. फाईल वॉर्डात तयार होते. पेशंट घरी गेला की, किंवा जगातून गेला की, दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्ड रूमला जाते, आणि तिथे ती फक्त ठेवायची असते. रेकॉर्ड रूममध्ये फाईल तयार होत नाही.

४

ती पुन्हा खोलीत येऊन बसली आणि या वेळी तिने फाईल गुण द्यायला वाचली नाही. लिहिणाऱ्याला शोधायला वाचली.

पाचव्या पानावर तारखेची खाडाखोड होती. या रुग्णालयात सगळे आधी दिवस लिहायचे, मग महिना, मग वर्ष. इथे कोणीतरी आधी वर्ष लिहिलं होतं, चूक लक्षात आल्यावर खोडलं होतं आणि मग दिवसापासून सुरुवात केली होती. आधी वर्ष लिहायची सवय या इमारतीत एकाच खोलीला होती. तिथल्या कपाटांवर वर्ष, महिना, दिवस असाच क्रम होता, नाहीतर गठ्ठे सापडले नसते.

मग सातवं पान. त्यावर मथळा होता: "नातेवाइकांना धोक्याची कल्पना कोणी, कोणाला, किती वाजता दिली." खाली लिहिलं होतं, चार वीसला, सिस्टर काजल यांनी, पती मुकेश यांना.

यामिनीने आपल्या तपासणीचा तक्ता काढला. पन्नास रकाने. पण दहा दिवसांपूर्वी तिने त्यात एक्कावन्नावा वाढवला होता, अंकिताचीच बातमी ऐकून. मथळा तिचाच, शब्द तिचे. वॉर्डाला तो अजून कळवलेला नव्हता. कच्चा तक्ता तिने एकाच माणसाला पाठवला होता, काही सुचवायचं असेल तर सांगा म्हणून. सहा वर्षं तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसणाऱ्या, फायली काढून देणाऱ्या, सगळ्यांची वाकडीतिकडी अक्षरं तिला वाचून दाखवणाऱ्या माणसाला.

या रुग्णालयातलं प्रत्येक अक्षर ओळखणारा तो एकटाच होता. ओळखणारा, म्हणजे गिरवू शकणाराही.

आणि मग तिला दुसरी एक फाईल आठवली. तीन वर्षांपूर्वीची. तोच वॉर्ड, तोच डॉक्टर. मीरा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी, तीही अशीच गेली होती. चार तासांची एकही नोंद नव्हती. चौकशीचा अहवाल यामिनीने लिहिला होता, शेवटी एक ओळ: नोंदी अपुऱ्या असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.

मीरा वासुदेवराव काकांची मुलगी होती.

५

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. दुपारचे साडेतीन वाजले होते. वासुदेवराव टेबलाशी बसून एका फायलीत दोरा ओवत होते. उंच, वाळलेला माणूस, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. त्यांनी वर पाहिलं, यामिनीच्या हातातली फाईल पाहिली आणि दोरा बाजूला ठेवला.

"किती देले?" त्यांनी विचारलं.

"शंभर."

"मीराच्या फायलीले किती देलते, आठवते?"

यामिनीला आठवत होतं. "बावीस."

"बावीस." त्यांनी मान हलवली. "माह्या पोरीची फाईल मीच दोऱ्यात ओवली, मॅडम. मीच कपाटात ठेवली. तुमची ते ओळ घेऊन वकिलाकडे गेलतो. तो म्हणे, काका, कागदावर काईच नाई तं कोर्ट काय पाहीन? मंग मी ठरवलं. पुढची फाईल कोरी जाणार नाई."

"म्हणजे तुम्ही दुसरी कोणी मरायची वाट पाहत होतात?"

म्हाताऱ्याच्या जबड्याची शीर ताठ झाली. "झाडेले त्या वॉर्डातून काढा म्हून तीन अर्ज देलते मी. तिन्ही अर्ज फाईल होऊन माह्याच कपाटात आले. तीन वर्षं त्याले रोज सकाळी नमस्कार केला. तो बी म्हणे, काय काका, बरं हाय ना? अन् मी म्हणो, बरं हाय साहेब." त्यांनी फायलीकडे बोट दाखवलं. "हे तुमच्यासाठी लिहिली. तुमाले जे जे पायजे, ते ते लिहिलं. आता निष्कर्ष काढा."

यामिनीला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. तिने खुर्ची ओढली आणि मुद्दाम सावकाश बोलली.

"काका, झाडेंनी फाईल पाहिली. ते हसले."

"हसले?"

"उद्या ते म्हणतील, ही खोटी आहे. ती खोटीच आहे. मग काजलला विचारतील, ही सही तुझी का? ती पोरगी खरं बोलेल, नाही म्हणेल. मग हिने नाही तर कोणी, असा प्रश्न येईल, आणि सही तिच्या नावाची आहे. आरोप तिच्यावर लागेल. झाडे कोरे सुटतील, मीराच्या वेळी सुटले तसेच."

 पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद उडाला, तो वासुदेवरावांनी सवयीने दाबून धरला.

"मी त्याच्यासाठी केलं होतं," ते पुटपुटले. "पोरीसाठी नोयतं."

"फायलीतल्या वेळा खऱ्या आहेत. म्हणजे काजलने तुम्हाला पुठ्ठा दिला होता ना?"

त्यांनी खण उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत हातमोज्यांच्या खोक्याचा तुकडा होता, त्यावर निळ्या पेनने आकडे, आणि एका कोपऱ्यात रक्ताचा अंगठा.

"आणि झाडेंची दोन पानं? तुम्ही ती फाडली नसणार, काका. सव्वीस वर्षांत तुम्ही इथला एक कागद फाडला नाही."

ते उठले. शेवटच्या कपाटातून त्यांनी एक पातळ फाईल काढली. वरचं नाव यामिनीने वाचलं. मीराची फाईल. झाडेंची दोन पानं तिच्यात घातलेली होती.

यामिनीने ती वाचली. प्रकृती स्थिर. तीन पंधराला तपासलं. तीन वीसला रक्ताची मागणी लिहून नमुना पाठवला. अचानक प्रकृती खालावली. खाली झाडेंची झोकदार सही. तिने ती दोन पानं पुन्हा वाचली आणि पहिल्यांदाच त्या दिवसात तिला हसू आलं, फारसं चांगलं नसलेलं.

"काका, त्याला अडकवणारा कागद त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आणि तुम्ही तो लपवून ठेवलात."

"काऊन? त्याच्यात तं सारं खोटंच हाय."

"म्हणूनच," यामिनी म्हणाली. "उद्या तुम्ही समितीपुढे या. काय केलंत ते सांगायला लागेल. नोकरी जाईल, पोलीसही येतील."

"तो पडते का, तेवढं सांगा."

"सकाळी नऊला वर्ध्याच्या रक्तपेढीचं ऑफिस उघडतं. त्यानंतर सांगते."

६

दुपारी बाराला हरिभाऊंच्या खोलीत समिती बसली. बाहेरून बोलावलेल्या एक ज्येष्ठ डॉक्टरीणबाई अध्यक्ष होत्या. एका बाजूला झाडे, एका बाजूला काजल. वासुदेवराव दाराशी उभे.

झाडे बोलायच्या आधी यामिनीच उठली.

"काल मी या फाईलला शंभर गुण दिले. ते परत घेते. ही फाईल बनावट आहे. वासुदेवराव काकांनी लिहिली आहे आणि त्यांना ते मान्य आहे. काजल सिस्टरचा तिच्याशी संबंध नाही."

"मान्य आहे," वासुदेवराव म्हणाले. 

काजलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झाडे खुर्चीत मागे रेलले. "मी कालच म्हणालो होतो. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, मुलगी गेल्यापासून."

"मूळ फाईल सापडली आहे," यामिनीने ती दोन पानं टेबलावर ठेवली. "हीच का?"

झाडेंनी पानं ओढून घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हीच. अक्षर माझं, सही माझी."

"वेळाही तुम्हीच टाकल्यात?"

"अर्थात. दुसरं कोण टाकणार?"

"मग तसं लिहून द्या. एकदा बनावट फाईल आलीच आहे, पुन्हा घोळ नको."

झाडेंनी आनंदाने लिहून दिलं. दोन्ही पानं माझ्या हातची, सर्व वेळा अचूक. खाली सही. अध्यक्षबाईंनी तो कागद आपल्याकडे घेतला.

मग यामिनीने पिशवीतून शेवटचा कागद काढला. वर्ध्याच्या रक्तपेढीने शिक्का मारून दिलेली चिठ्ठीची नक्कल. रक्ताच्या नमुन्यासोबत गेलेली मागणीची चिठ्ठी रुग्णालयात राहत नाही. ती रक्तपेढीकडे जाते आणि तिथेच राहते.

"डॉक्टर, तुमच्या नोंदीत मागणी तीन वीसची आहे. ही तुमच्याच हातची चिठ्ठी. हिच्यावर तुम्ही वेळ टाकलीत चार पंचावन्न. नमुना रक्तपेढीला मिळाला सहा दहाला. तेव्हा अंकिताला जाऊन अर्धा तास झाला होता."

झाडेंचा हात टेबलावरच्या पानांकडे गेला. अध्यक्षबाईंनी ती आधीच आपल्या बाजूला सरकवली होती.

"ड्रायव्हरने उशीर केला असेल," झाडे म्हणाले.

"चिठ्ठीवर वेळ ड्रायव्हरने टाकलेली नाही." यामिनीने पुठ्ठा पुढे ठेवला. "सिस्टरने त्या वेळी लिहिलेले आकडे हे आहेत. तीन फोन, आणि तुम्ही आलात चार पन्नासला. वॉर्डाच्या मोबाईलवर तेच तीन फोन आजही दिसतात. सिस्टरचं खोटं धरलं तरी तुमचेच दोन कागद एकमेकांशी भांडतात. त्यातला कोणता खोटा, तेवढं तुम्ही सांगा."

 झाडेंनी एकदा हरिभाऊंकडे पाहिलं. हरिभाऊ खिडकीबाहेर पाहत होते.

वासुदेवरावांनी दारातून दोन पावलं पुढे येऊन विचारलं, "काय साहेब, बरं हाय ना?"

७

झाडेंना त्याच दिवशी कामावरून थांबवलं. कागदांच्या प्रती पोलिसांकडे गेल्या आणि डॉक्टरांच्या परिषदेकडे गेल्या. वासुदेवरावांनाही निलंबित केलं आणि बनावट कागद केल्याबद्दल त्यांच्यावरही तक्रार झाली. त्यांनी ती पूर्ण वाचून खाली सही केली.

झाडे बाहेर पडले तेव्हा पोर्चमध्ये मुकेश उभा राहिला. त्याचा हात वर गेलाही होता. वासुदेवरावांनी मागून त्याचं मनगट धरलं.

"हात नोको लावू त्याले," ते म्हणाले. "एक थप्पड खाऊन मोकळा होईन तो. त्याले आता तारखेवर जाऊ दे. दर महिन्याले, कोर्टाच्या बाकावर. तू बी जाजो. समोर बसजो. तुह्या पोरीले समजाले लागलं म्हंजे तिले बी घेऊन जाजो."

मुकेशचा हात खाली आला. झाडे गाडीत बसेपर्यंत त्या दोघांनी नजर हलवली नाही.

चारच्या सुमारास यामिनी कागद आवरत होती, तेव्हा वासुदेवराव तिच्या खोलीत आले. त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला. मीरा हिच्या मृत्यूची चौकशी पुन्हा व्हावी. जबाबदार व्यक्ती म्हणून तीन नावं होती. पहिलं डॉ. सुमीत झाडे. दुसरं हरिभाऊ भोयर, तीन अर्ज दाबल्याबद्दल. तिसऱ्या नावाशी यामिनी थांबली. तिचं स्वतःचं. उपलब्ध पुरावा न शोधता अहवाल लिहिल्याबद्दल.

"मीराच्या वेळी बी रक्ताची चिठ्ठी गेलतीच असन ना वर्ध्याले?" वासुदेवरावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा जुनं काहीतरी होतं. "तवा काऊन नाई गेल्या तुमी रक्तपेढीत?"

 यामिनीला तेव्हा सुचलं नव्हतं हे खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. बावीस गुण टाकून ती त्या दिवशी साडेपाचची बस पकडून घरी गेली होती.

"आज तुमी मदत केली, ते मले मान्य हाय," ते म्हणाले. "पण नाव राह्यते."

"राहू द्या," यामिनी म्हणाली.

तिने अर्ज समितीच्या नावाने स्वीकारला. नकलेवर 'मिळाला' असं लिहिलं, तारीख टाकली, वेळ टाकली, सही केली आणि त्यांच्याकडे दिली. वासुदेवरावांनी चष्मा सारखा केला. तारीख पाहिली, वेळ पाहिली, सहीवरून बोट फिरवलं आणि कागद तिच्यापुढे परत सरकवला.

"शिक्का राह्यला, मॅडम."